जॉन ‘स्नोशू’ थॉम्पसन

जॉन ‘स्नोशू’ थॉम्पसन (३० एप्रिल १८२७ – १५ मे १८७६) हे नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतात जन्मलेले अमेरिकन टपालवाहक होते. १८५६ पासून सुमारे २० हिवाळे त्यांनी हिमाच्छादित सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून प्लेसरव्हिल ते जिनोआ अशी टपाल पोहोचवली. सुमारे १४५ किलोमीटरच्या या वाटेला जाताना तीन दिवस लागत, परतताना दोन. त्यांचे ‘स्नोशू’ म्हणजे जाळीदार हिमपादत्राणे नव्हेत. त्या लाकडाच्या लांब पट्ट्या, म्हणजेच स्की होत्या. पाय गोठलेल्या जेम्स सिसन यांच्या शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म हवे होते. ते आणण्याकरिता थॉम्पसन यांनी ऐन हिवाळ्यात पुन्हा पर्वत ओलांडला. इतक्या वर्षांच्या सेवेचा मोबदला मागण्यासाठी ते वॉशिंग्टनपर्यंत गेले, परंतु सरकारने तो अखेरपर्यंत दिला नाही. जिनोआ येथील त्यांच्या समाधिशिळेवर स्कीची जोडी कोरलेली आहे.