दानचिंतामणी अत्तिमब्बे

मुनी, आर्यिका, श्रावक आणि श्राविका अशा चार अंगांनी जैन संघ पूर्ण होतो. तीर्थंकरांच्या गर्भकल्याणकाचे वर्णन मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांपासून सुरू होते आणि मंदिरामंदिरांतून ते भक्तिभावाने वाचले जाते. मातेचा इतका गौरव करणाऱ्या समाजात स्त्रीचे कर्तृत्व मात्र अनेकदा उंबरठ्याच्या आतच मोजले गेले. मातृत्व हेच स्त्रीचे भूषण असेल तर शिक्षण, संपत्ती आणि सार्वजनिक कार्य यांत तिचे स्थान कोणते, असा प्रश्न आजच्या सुशिक्षित कन्या विचारतात व तो योग्यच आहे. सुमारे 1000 वर्षांपूर्वी कर्नाटकात होऊन गेलेल्या एका श्राविकेचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

अत्तिमब्बे ही कल्याणी चालुक्यांच्या राजवटीतील मल्लपय्या नावाच्या सेनानीची कन्या. तिच्या माहेरी शौर्य आणि जिनभक्ती एकत्र नांदत होती. मल्लपय्या व त्यांचे बंधू पुन्नमय्या यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ कन्नड महाकवी पोन्न यांच्याकडून सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांच्या चरित्रावर ‘शांतिपुराण’ लिहवून घेतले होते. पुन्नमय्या पुढे रणांगणावर कामी आले. ज्या घरात तलवारीइतकाच ग्रंथाचाही मान होता, त्या घरात ही मुलगी वाढली.

सम्राट तैलप दुसरे (इ. स. 973 ते 997) यांच्या दरबारातील मंत्री धल्लप यांचे पुत्र नागदेव यांच्याशी अत्तिमब्बे आणि तिची धाकटी बहीण गुंडमब्बे या दोघींचाही विवाह झाला. बहुपत्नीत्व ही त्या काळातील राजकुळांची व सरदार घराण्यांची रीत होती. नागदेव पराक्रमी सेनापती होते. अत्तिमब्बेला अण्णिगदेव हा पुत्र झाला. संसार ऐन भरात असतानाच युद्धात नागदेवांना वीरमरण आले.

या प्रसंगी दोघी बहिणींचे मार्ग वेगळे झाले. गुंडमब्बेने पतीबरोबर सहगमन केले. अत्तिमब्बे मागे राहिली. त्या काळी वीरपत्नीच्या सहगमनाचा मोठा गौरव होत असे, शिळांवर त्याची नोंद होत असे. सख्खी बहीण चितेवर चढत असताना जगण्याचा निर्णय घेणे किती कठीण गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. गुंडमब्बेला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु जिनधर्माची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात पुण्य लाभेल या समजुतीने अग्नीत उडी घेणे ही लोकमूढता म्हणून गणली आहे. मनुष्यभव दुर्लभ आहे, तो संयमाने आणि व्रताने सार्थकी लावायचा असतो. अत्तिमब्बेने लोकरूढीपेक्षा हा उपदेश प्रमाण मानला, असेच म्हणावे लागते.

ती केवळ लहान मुलासाठी जगली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. मुलाचे संगोपन तिने केलेच. हाच पुत्र पुढे पडेवळ तैल या नावाने राजसेवेत मोठ्या अधिकारपदाला पोहोचला. मात्र मूल मोठे झाले, आता आपले काम संपले, असे तिने मानले नाही. व्रत-उपवासांनी देह कृश करीत असतानाच तिने जी कार्ये हाती घेतली, ती पुत्राच्या कर्तृत्वाच्या सावलीत झाकली जाणारी नव्हती.

पहिले कार्य शास्त्रदानाचे. माहेरी निर्माण झालेले ‘शांतिपुराण’ कालौघात नष्ट होऊ नये म्हणून तिने त्याच्या 1000 ताडपत्रीय प्रती करवून वाटल्या. आज छापखान्यात 1000 प्रती निघायला फार वेळ लागत नाही, म्हणून या आकड्याचे मोल चटकन लक्षात येत नाही. ताडाची पाने निवडायची, उकळून वाळवायची, सारखी कापायची, लोखंडी लेखणीने एकेक अक्षर कोरायचे, काजळी भरून पुसून घ्यायचे, भोके पाडून दोऱ्यात ओवायचे. असे एक संपूर्ण महाकाव्य हजार वेळा! किती लेखक बसवावे लागले असतील, त्यांच्या भोजनाची, निवाऱ्याची आणि वेतनाची व्यवस्था किती काळ चालली असेल, हे व्यवहार जाणणाऱ्यानेच मनाशी मांडून पाहावे. हा केवळ दातृत्वाचा नव्हे, व्यवस्थापनाचाही प्रश्न होता आणि तो एका विधवा स्त्रीने पार पाडला. याखेरीज सोन्याच्या व रत्नांच्या दीड हजार जिनप्रतिमा तिने करवून दिल्या, असे परंपरा सांगते.

दुसरे कार्य कवीला आश्रय देण्याचे. मुधोळचा रन्न हा बांगड्या विकणाऱ्या कासार कुटुंबातील मुलगा. विद्येच्या ओढीने तो श्रवणबेळगोळला अजितसेनाचार्यांपाशी गेला आणि पुढे तैलपांच्या दरबारी कविचक्रवर्ती झाला. दुसरे तीर्थंकर अजितनाथ यांचे चरित्र सांगणारे ‘अजितपुराण’ त्याने अत्तिमब्बेच्या आश्रयाने इ. स. 993 मध्ये पूर्ण केले. पंप, पोन्न आणि रन्न यांना कन्नड साहित्यात रत्नत्रय म्हणतात; त्यांपैकी एकाची कृती तिने जगवली आणि दुसऱ्याची घडवली. रन्नाने या पुराणात तिचे चरित्रही गुंफले, म्हणूनच आज तिच्याविषयी इतके ठाऊक आहे. कृतज्ञतेपोटी त्याने आपल्या मुलीचे नावही अत्तिमब्बे ठेवले.

तिच्याभोवती कथाही पुष्कळ गुंफल्या गेल्या. महापुराने दुथडी भरलेली गोदावरी तिच्या शीलाच्या प्रभावाने ओसरली आणि पलीकडे अडकलेले सैन्य सुखरूप परतले, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध कथा. श्रद्धावंतांनी ती श्रद्धेने वाचावी; इतरांनी एवढे ध्यानात घ्यावे, की सम्राटाच्या फौजेचे रक्षण करण्याचे श्रेय लोकमानसाने एका श्राविकेला दिले.

तिसरे कार्य आजही उभे आहे. गदगजवळच्या लक्कुंडी गावी तिने भव्य जिनालय बांधले. इ. स. 1007 चा, सम्राट सत्याश्रय यांच्या कारकिर्दीतील शिलालेख त्याची साक्ष देतो. हे मंदिर ब्रह्म जिनालय म्हणून ओळखले जाते. त्याच्या मंडपातील चतुर्मुख ब्रह्माची व पद्मावती देवीची मूर्ती पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. सांगली-कोल्हापूरकडून श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघणाऱ्या श्रावकांनी वाट थोडी वाकडी करून हे स्थान अवश्य पाहावे.

‘दानचिंतामणी’ हे बिरुद तिला कोणाची पत्नी किंवा कोणाची माता म्हणून मिळालेले नाही. पुढील शतकांतील शिलालेखांत एखाद्या दानशूर श्राविकेची थोरवी सांगायची असली, की तिची तुलना अत्तिमब्बेशी केलेली आढळते. आपल्या काळातही, 1990 च्या दशकात, कर्नाटक शासनाने लेखिकांसाठी तिच्या नावाने पुरस्कार सुरू केला. जिने ग्रंथाच्या हजार प्रती लोकांच्या हाती दिल्या, तिचे नाव अशा रीतीने पुन्हा लिहित्या स्त्रियांशी जोडले गेले.