सुभेदारांनी निवडलेली शाळा

जून आला की माहूर-किनवटकडच्या आपल्या वस्तीतला बाप विवंचनेत पडतो : पोराला कोणत्या हायस्कुलात घालावे? १९०४ साली हीच विवंचना सुभेदार रामजी सकपाळांना होती. लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तरकी केलेला हा माणूस. शाळा कशी पारखावी हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

साताऱ्याहून मुंबईला येऊन त्यांनी परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड केले. भीमरावांना आधी मराठा हायस्कुलात आणि मग एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. शाळा सरकारी, नामांकित. विटाळ मात्र तिथेही होताच. भीमराव फळ्याकडे निघाले तशी मुलांनी फळ्यामागचे आपले डबे घाईघाईने बाजूला फेकले. संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. तरी सुभेदारांनी शाळा सोडवली नाही.

पेन्शनवर दोन मुलांचे शिक्षण झेपेना. थोरल्या आनंदरावांची शाळा सुटली, ते कामाला लागले. जयंतीच्या भाषणांत त्यांचे नाव क्वचितच निघते. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण पडले.

आणि नाव घालून सुभेदार मोकळे झाले नाहीत. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, भीमरावांना उठवून अभ्यासाला बसवीत, मगच पाठ टेकीत. १९०७ च्या परीक्षेत भीमराव मॅट्रिक झाले.