वालचंद हिराचंद: जहाज आपलं, पण वाट दाखवणारे गोरे
सोलापूरला समुद्र नाही. तरी तिथे १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी ब्रिटिश जहाज कंपन्यांना टक्कर दिली. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या साथीने त्यांनी सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं; म्हणूनच हा राष्ट्रीय सागरी दिन.

पण नुसतं जहाज असून भागत नव्हतं. सेक्स्टंटने सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजून भर समुद्रात जहाजाची जागा ठरवणारे अधिकारी गोरेच असायचे. १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर भारतीय मुलं ही विद्या शिकू लागली. पण त्यांना नोकरी देणार कोण? ब्रिटिश कंपन्या हात आखडत होत्या. सिंदियाने दार उघडलं. १९५३ मध्ये वालचंद गेले, तोवर सेक्स्टंट भारतीय हातात आला होता.