शिक्षकांची सोबतीण : ताराबाई मोडक

शिक्षक मुलांना शिकवतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण शिक्षकाला कोण शिकवते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाती आले की त्याचे शिक्षण पूर्ण झाले, असे मानले जाते. ताराबाई मोडक यांना हे मान्य नव्हते. भारतातील बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. मुलांसाठी शाळा काढत असतानाच त्या शाळांतील शिक्षकांना परस्परांशी जोडण्याचे कामही त्यांनी आयुष्यभर केले.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्यामुळे ज्या काळात मुलींचे शालेय शिक्षणही दुर्मीळ होते, त्या काळात ताराबाई पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीला गेल्या. परंतु त्यांचे वैवाहिक जीवन सुखाचे झाले नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या स्वतंत्र झाल्या आणि राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून रुजू झाल्या.

पद मानाचे होते, वेतनही चांगले होते. एकट्या आईला अशा नोकरीचा केवढा आधार! परंतु याच सुमारास गिजुभाई बधेका यांच्या कार्याकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. गिजुभाई मूळचे वकील. मारिया मॉन्टेसरी यांचे विचार वाचून ते बालशिक्षणाकडे वळले होते आणि १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. तेथे शिक्षेचे भय नव्हते. मुले स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या हातांनी शिकत होती. ताराबाईंनी १९२३ साली प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. इतरांना शिक्षणशास्त्र शिकवणारी ही स्त्री तेथे लहान मुलांच्या सहवासात पुन्हा शिकू लागली.

बालमंदिर यशस्वी झाले, तरी एक प्रश्न उरला होता. एका गावातील एका शाळेने देशातील मुलांचे भागणार कसे? नवी पद्धत शिकलेला शिक्षक आपल्या गावी परतला की एकटा पडतो. अडचण आली तर विचारायचे कुणाला? घरच्यांचा आणि पालकांचा विरोध झाला तर धीर द्यायचा कुणी? हळूहळू असा शिक्षक पुन्हा छडीकडे आणि घोकंपट्टीकडे वळण्याचा धोका असतो.

हा धोका ओळखून १९२५ साली भावनगरला अध्यापन मंदिर सुरू झाले. तेथे शिक्षकांना प्रशिक्षण मिळू लागले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या निमित्ताने दूरदूरचे शिक्षक एकत्र येऊ लागले. ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकाचे कामही गिजुभाई आणि ताराबाई यांनी केले. ते आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघाले. जो शिक्षक भावनगरला येऊ शकत नव्हता, त्याच्या घरी पत्रिका जात असे. प्रशिक्षण, संघ आणि पत्रिका या तीन धाग्यांनी एकेकट्या शिक्षकांचे एक कुटुंब विणले गेले.

१९३६ साली ताराबाई मुंबईला आल्या आणि दादर येथे त्यांनी ‘शिशुविहार’ सुरू केले. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले. एका व्यक्तीच्या बळावर उभे राहिलेले काम बहुधा त्या व्यक्तीबरोबरच संपते. हे काम मात्र संपले नाही. कारण ते आता अनेकांचे झाले होते.

तरीही ताराबाईंच्या मनाला समाधान नव्हते. शहरातील सुस्थितीतील मुलांना मिळालेले शिक्षण खेड्यातील गरीब मुलांना का मिळू नये? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी बोरिवली येथील एका शिबिरात त्यांची अनुताई वाघ यांच्याशी भेट झाली. बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. त्या ताराबाईंसोबत बोर्डीला आल्या आणि अखेरपर्यंत त्यांच्या सहकारी राहिल्या.

बोर्डीत शहरातील पद्धत जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती. तेव्हा शंखशिंपले, बिया, खडे, माती आणि पाने ही शैक्षणिक साधने झाली. काही वस्त्यांतील मुले शाळेत येत नसत. म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ती ‘अंगणवाडी’ होय. १९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात गेले. तेथील मुले दिवसभर गुरे चारत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. आता गावाचे जीवन आणि निसर्ग हेही शिक्षकांचे गुरू झाले होते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, कोसबाडचे काम पुढे नेले. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.

ताराबाईंनी गिजुभाईंकडून घेतले आणि अनुताईंना दिले. या देण्याघेण्यातूनच भावनगरचे एक बालमंदिर कोसबाडच्या कुरणापर्यंत पोहोचले. शिकवणाऱ्याने शिकत राहावे आणि शिकताना सोबती जोडावेत, ही शिकवण त्यांच्या जीवनातून मिळते. नोकरी, घर आणि संसार सांभाळून मोठ्या वयात पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येकाला ती आपलीशी वाटेल.