घटक ५ : डॉ. आनंदीबाई जोशी – पत्नीधर्म, प्रेम आणि समाज

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या जीवनाचा क्रम थोडक्यात सांगता येईल;
• एकोणिसाव्या शतकातील स्त्रीत्व, विवाह व प्रेम यांविषयीच्या कल्पना समाजाने कशा घडविल्या होत्या, हे स्पष्ट करता येईल;
• एकच चरित्र वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या रीतीने का सांगितले जाते, याचा विचार करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आनंदीबाई जोशी हे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वैद्यकीय पदवी मिळविणारी पहिली हिंदू स्त्री, अशी त्यांची ओळख आपल्या मनात पक्की झालेली असते. आपल्यापैकी जे ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरात राहतात, त्यांना त्या कल्याणच्या म्हणून अधिक जवळच्या वाटतात. मात्र या घटकात आपण त्यांच्या पदवीपेक्षा त्यांच्या संसाराकडे अधिक लक्ष देणार आहोत. पतीवरील प्रेम, त्याच्याविषयीची कृतज्ञता आणि त्याचा धाक या तीन भावना त्यांच्या जीवनात एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. ही सरमिसळ केवळ दोन व्यक्तींच्या स्वभावातून झालेली नाही. पत्नीने पतीवर प्रेम करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या काळाने आधीच ठरवून ठेवले होते.

५.३ बालपण आणि विवाह

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळचे सधन, पण पुढे परिस्थिती उतरलेली. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. रेल्वे आणि टपाल यांच्यामुळे या गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध वाढत होता. घरातील मुलींचे आयुष्य मात्र पूर्वीच्याच चाकोरीतून चालले होते.

१८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपालखात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि वधूपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवू दिले पाहिजे, अशी त्यांची लग्नाआधीची अट होती. रूढीप्रमाणे वधूचे नाव बदलले आणि यमुनेची आनंदी झाली. नऊ वर्षांच्या मुलीचे नाव, घर आणि दिनक्रम एकाच दिवशी बदलतो, आणि या बदलात तिची संमती विचारण्याची गरज कोणालाही वाटत नाही. १८६० च्या दंडसंहितेनुसार शरीरसंबंधास संमती देण्याचे मुलीचे वय दहा वर्षे होते. ते बारा होण्यास १८९१ साल उजाडावे लागले.

५.४ पती हाच गुरू

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता असा प्रवास करीत आनंदीबाई शिकत राहिल्या. पती-पत्नींनी रस्त्यातून बरोबर चालणे, पत्नीने पुस्तके घेऊन शाळेत जाणे, या गोष्टी लोकांच्या कुतूहलाच्या आणि टवाळीच्या विषय होत्या. घराबाहेर असा त्रास होता, आणि घरातही गोपाळरावांचा शिकविण्याचा मार्ग सौम्य नव्हता. अभ्यासात कुचराई झाली की मार बसे. पुढे अमेरिकेहून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी लहान वयात सोसलेला लाकडाचा मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके आणि सोडून जाण्याच्या धमक्या यांची आठवण करून दिली आहे.

येथे भाषेचा विचार उपयोगी पडतो. आज ज्याला आपण हिंसा म्हणतो, त्याला त्या काळी ‘वळण लावणे’ असा शब्द होता. आईने मुलीला मारणे हे वळण, आणि पतीने पत्नीला मारणे हेही वळणच. कृतीला असे मान्यताप्राप्त नाव मिळाले की तिच्याविषयी तक्रार करण्यासाठी शब्दच उरत नाहीत. म्हणूनच आनंदीबाईंचे ते पत्र महत्त्वाचे ठरते. पतीचे वागणे योग्य होते की अयोग्य, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला आणि दोन्ही म्हणावे लागेल असे उत्तर दिले. अंतिम हेतू पाहता त्यांना ते योग्य वाटते, तर बालमनावर होणारा परिणाम पाहता ते चुकीचे वाटते. पत्नीने पतीला सल्ला देऊ नये, मुकाट्याने सोसावे, ही रीत त्या सांगतात. पण ती सांगताना त्यांनी पतीच्या वर्तनाचे मूल्यमापनच केले आहे. पतिव्रतेच्या भाषेतच त्यांनी स्वतःच्या मतासाठी जागा काढली.

५.५ मातृत्व, निर्धार आणि परदेशगमन

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. परपुरुषासमोर शरीर उघड करणे लज्जास्पद, ही स्त्रीत्वाची कल्पना इतकी दृढ होती की स्त्रिया आजार अंगावर काढीत, पण पुरुष डॉक्टरकडे जात नसत. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी, हा आनंदीबाईंचा विचार या परिस्थितीतून पक्का झाला.

पत्नीच्या शिक्षणाला मदत मिळावी म्हणून गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला होता. तो वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे ताटकळत असताना ते मासिक वाचले आणि आनंदीबाईंना पत्र पाठविले. यातून जुळलेल्या नात्यात आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. अमेरिकेला का जाता, एकट्या का जाता, जातीने बहिष्कार घातला तर काय कराल, या आक्षेपांना त्यांनी क्रमाने उत्तरे दिली आणि हिंदू म्हणूनच परत येण्याचा निश्चय सांगितला. ७ एप्रिलला त्यांनी कोलकाता सोडले व ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. पत्नी परदेशी आणि पती घरी, ही स्थिती समाजाला अपरिचित होती. परगावी गेलेल्या पतीची वाट पाहणारी ‘प्रोषितभर्तृका’ आपल्या काव्यपरंपरेत सर्वपरिचित आहे. परदेशी गेलेल्या पत्नीची वाट पाहणाऱ्या पतीसाठी तितका रूढ शब्द मराठीत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयातील स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक केली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या.

५.६ दोन स्त्रिया, दोन निवाडे

त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंविरुद्ध निकाल दिला. त्यांचाही बालविवाह झाला होता. मात्र त्यांनी पतीकडे नांदण्यास नकार दिला होता. पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा तो आदेश होता. पुढे रखमाबाईही इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. दोघी एकाच पिढीतल्या, दोघी बालवधू आणि दोघी डॉक्टर. आनंदीबाईंना आदर्श पत्नी म्हणून गौरव मिळाला, तर रखमाबाईंना टीका सोसावी लागली. हा फरक विद्येमुळे पडला नाही. एकीची विद्या पतीच्या इच्छेने आली होती, दुसरीने पतीची इच्छा नाकारली होती. समाजाला स्त्रीचे शिक्षण एक वेळ चालत होते; तिची नापसंती चालत नव्हती.

५.७ चरित्र कोण सांगते?

१८८८ मध्ये कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत आणि १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांनी मराठीत आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. १९६८ साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली आणि दोन नावांची जोडी मराठी मनात कायमची रुजली. अनेक वाचक कादंबरीतील प्रसंगच चरित्र म्हणून सांगतात. कादंबरी ही कलाकृती आहे, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे. कोणी या दांपत्याकडे गुरू-शिष्या म्हणून पाहिले, कोणी प्रेमी युगुल म्हणून, तर कोणी अत्याचारी व पीडिता म्हणून. प्रत्येक काळाने आपली प्रेमाची कल्पना त्यांच्यावर चढविली. आनंदीबाईंनी स्वतः मात्र ‘दोन्ही’ असे उत्तर दिले होते. त्यातील कृतज्ञता ठेवून वेदना गाळणे किंवा वेदना ठेवून कृतज्ञता गाळणे, हे दोन्ही त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

५.८ सारांश

स्त्रीत्व, पत्नीधर्म व प्रेम या निसर्गदत्त आणि स्थिर गोष्टी नाहीत. कायदा, रूढी, कुटुंब आणि भाषा यांतून त्या घडतात व काळानुसार बदलतात. आनंदीबाईंनी आपल्या काळाची चौकट मोडली नाही, पण तिच्या आत राहून ती तपासली. सुमारे बारा वर्षांच्या शिक्षणकाळातील त्यांची ही दुसरी विद्या आहे, आणि तीही पदवीइतकीच मोलाची आहे.

५.९ स्वाध्याय

१. ‘वळण’ या शब्दाचे आपल्या घरातील व परिसरातील उपयोग नोंदवा. मुलगा व मुलगी यांच्या संदर्भात त्यांत फरक दिसतो का, ते लिहा.
२. आनंदीबाई व रखमाबाई यांच्याविषयीच्या सामाजिक प्रतिक्रियांची तुलना करा.
३. चरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.