तबल्याला मैफलीचा मान मिळवून देणारे उस्ताद अहमदजान थिरकवा

हिंदुस्थानी संगीतात तबला हे दीर्घकाळ केवळ साथीचे वाद्य मानले गेले. गायकाच्या मागे बसून ठेका धरणाऱ्या तबलजीला बिदागी कमी आणि प्रतिष्ठा त्याहूनही कमी होती. ही परिस्थिती पालटण्यास ज्या मोजक्या कलावंतांचे कर्तृत्व कारणीभूत ठरले, त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मुरादाबादचा असला, तरी त्यांच्या कलेची जडणघडण मुंबईत आणि मराठी रंगभूमीच्या सहवासात झाली.

थिरकवा यांचा जन्म १८९२ च्या सुमारास संगीतोपजीवी कुटुंबात झाला. वडील सारंगीवादक होते. प्रारंभी अहमदजान यांनी गायन आणि सारंगीचे धडे घेतले. परंतु ओढ होती ती तबल्याची. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांचे शिष्य झाले. मुनीर खाँ यांनी अनेक गुरूंकडून दिल्ली, फरुखाबाद आदी घराण्यांच्या बंदिशींचा मोठा संग्रह केला होता. शिष्याची चपळ बोटे तबल्यावर जणू थिरकत आहेत, असे मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ यांना वाटले आणि त्यावरून पडलेले 'थिरकवा' हे नाव कायमचे रूढ झाले, असे सांगितले जाते.

तबल्याच्या विद्यार्थ्याची पहिली रचना म्हणजे बहुधा कायद्याचा पलटा. कायदा हा गुरूकडून मिळतो. त्यातील बोल ठरलेले असतात. बाहेरचा बोल आणता येत नाही. त्याच बोलांची उलटसुलट मांडणी करून, खाली-भरीचा तोल सांभाळत शिष्याने विस्तार करायचा असतो. पाठांतर आणि प्रतिभा यांची खरी कसोटी येथेच लागते. गुरूच्या घरी रोज अनेक तास चालणाऱ्या रियाजात किशोरवयीन अहमदजान यांची घडण याच शिस्तीत झाली. वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईतील खेतवाडी भागातील एका नाट्यगृहात त्यांचे पहिले जाहीर वादन झाले.

पुढे ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळीत साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा ही जोडी गाजली. नाट्यपदाचा अवधी थोडा, भाव कोमल; तेथे पांडित्याचे प्रदर्शन चालत नाही. गायकाच्या शब्दाला आणि श्वासाला जागा ठेवून ठेका सजवण्याची कला त्यांनी येथे परिपक्व केली. मराठी प्रेक्षक पदांसोबत तबल्यालाही दाद देऊ लागले. साथीदाराच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

त्यानंतर रामपूर संस्थानच्या दरबारात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापनही केले. स्वतंत्र वादनात पेशकार, कायदा, रेला, गत, तुकडा या क्रमाने ते श्रोत्यांना तासन् तास खिळवून ठेवीत. दिल्लीच्या बोटांच्या नाजूक कामाबरोबरच फरुखाबाद, लखनौ आणि अजराडा या घराण्यांच्या बंदिशीही ते त्या त्या वळणाने सादर करीत. प्रत्येक बोल स्पष्ट आणि सुरेल उमटावा, हा त्यांचा आग्रह होता. केवळ वेगाला त्यांनी कधी महत्त्व दिले नाही.

उस्तादांनी बंदिशी जिवापाड जपण्याचा आणि त्या घराबाहेर जाऊ न देण्याचा तो काळ होता. थिरकवा यांची विद्या मात्र घराच्या उंबरठ्यात अडकली नाही. लालजी गोखले, जगन्नाथबुवा पुरोहित, निखिल घोष, भाई गायतोंडे यांच्यासारख्या शिष्यांमुळे ती महाराष्ट्रात रुजली. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान प्राप्त झाला. जो कलावंत एकेकाळी गायकाच्या मागे बसत असे, त्याच्या वाद्याचा हा राष्ट्रीय गौरव होता.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते पुन्हा मुंबईत येऊन राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात विद्यादान करीत होते. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौहून मुंबईला परतण्यासाठी निघाले असताना त्यांचे निधन झाले. त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि पेशकाराची मांडणी शिकताना तबल्याचे विद्यार्थी आजही त्यांकडे वळतात.