भिंतींना नाचायला लावणारा चित्रकार



इटली देशातले पिसा शहर म्हटले की आपल्याला झुकता मनोरा आठवतो. त्याच शहरात एका जुन्या चर्चच्या मागची भिंतसुद्धा मुद्दाम बघण्यासारखी आहे. तिच्यावर ३० रंगीबेरंगी आकृत्या धावताहेत, उड्या मारताहेत, नाचताहेत. हे चित्र काढणारे अमेरिकेचे चित्रकार कीथ हॅरिंग यांच्याविषयी मी आज सांगणार आहे.

कीथ यांचा जन्म ४ मे १९५८ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. कुट्झटाउन नावाच्या लहान गावात ते वाढले. त्यांच्या पाठीवर तीन बहिणी. वडिलांना व्यंगचित्रे काढण्याचा नाद होता. संध्याकाळी बापलेक कागद घेऊन बसत आणि मजेमजेची चित्रे काढत. वडिलांनीच त्यांना पहिले धडे दिले असे म्हटले तरी चालेल.

वयाच्या २० व्या वर्षी, म्हणजे १९७८ साली, ते न्यूयॉर्कला चित्रकला शिकायला गेले. तिथल्या रस्त्यांवर पोरं टेपरेकॉर्डर मोठ्यांदा लावून ब्रेक डान्स करायची. कोणी डोक्यावर गरगर फिरतंय, कोणी हातांवर उभं राहतंय! ही पोरं पुढे हॅरिंग यांच्या चित्रांत शिरली.

न्यूयॉर्कला जमिनीखालून आगगाड्या धावतात. तिथल्या स्टेशनांवर जाहिरातींचे फलक असतात. जाहिरातीची मुदत संपली की त्या काळी फलकावर काळा कागद चिकटवीत. १९८० साली असा एक कोरा काळा कागद हॅरिंग यांना दिसला. आपल्या वर्गातल्या फळ्यासारखाच की तो! त्यांनी पांढरा खडू आणला आणि चित्र काढायला सुरुवात केली. पुढची पाच वर्षे त्यांनी अशी शेकडो चित्रे काढली. अंगातून किरण निघणारे रांगते बाळ आणि भुंकणारा कुत्रा ही त्यांतली दोन तर फारच गाजली. गाडी येईपर्यंत चित्र पुरे व्हायला हवे, म्हणून ते भरभर आणि न खोडता काढत. विनापरवाना चित्रे काढणे कायद्याविरुद्ध होते. म्हणून पोलिसांनी त्यांना कितीदा तरी पकडले, दंडही झाला. पण कामावर जाणारी, शाळेत जाणारी माणसे मात्र थांबून चित्रे बघू लागली.

त्यांच्या चित्रांना पॉप आर्ट म्हणतात. जाहिराती, चित्रकथा, दुकानातल्या वस्तू अशा सर्वांच्या ओळखीच्या गोष्टींवरून काढलेली ठसठशीत चित्रे म्हणजे पॉप आर्ट. हॅरिंग यांच्या माणसांना नाक, डोळे, कपडे नसतात. त्यामुळे ते चित्र कोणत्याही मुलाचे असू शकते. हाताजवळ, गुडघ्याजवळ ते दोन-चार बारीक रेघा मारीत. तेवढ्याने माणूस हलतोय असे वाटते. मी स्वतः वहीत करून पाहिले. साधा काडीचा माणूस काढला आणि कोपराजवळ तीन रेघा ओढल्या. तो खरंच हात हलवू लागला!

पुढे त्यांची चित्रे मोठ्या किमतीला विकली जाऊ लागली. पण गरीब पोराने काय करायचे? म्हणून १९८६ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पॉप शॉप नावाचे दुकान काढले. तिथे त्यांच्या चित्रांचे बिल्ले, बनियन, भित्तिचित्रे स्वस्तात मिळत. त्याच वर्षी क्रॅक नावाच्या भयंकर अमली पदार्थाविरुद्ध त्यांनी एका मैदानाच्या भिंतीवर मोठे केशरी चित्र काढले. परवानगी नव्हती म्हणून दंड झाला. नंतर त्याच भिंतीवर त्यांनी परवानगीने पुन्हा चित्र काढले. १९८७ साली पॅरिसमध्ये मुलांच्या दवाखान्याचा उंच जिना त्यांनी बाहेरून रंगवला. आजारी मुलांना खिडकीतून नाचणारी माणसे दिसावीत हा त्यामागचा हेतू.

आणि मग त्यांच्या स्वतःच्याच वाट्याला आजार आला. १९८८ साली त्यांना एड्स झाल्याचे कळले. त्या वेळी या रोगावर गुणकारी औषध नव्हते. लोक रोग्याला भीत, त्याच्यापासून दूर पळत. हॅरिंग यांनी आजार लपवला नाही. उलट लोकांना जागे करणारी चित्रे काढली. १९८९ साली मुलांच्या आणि एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी संस्था स्थापन केली. त्याच वर्षी शिकागो शहरात सुमारे ५०० विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन एक लांबच लांब चित्र रंगवले.

जून १९८९ मध्ये ते पिसाला आले. भिंत १८० चौरस मीटर, म्हणजे आपल्यासारख्या तीन-चार वर्गखोल्या मावतील एवढी. काळ्या रेषा त्यांनी स्वतः ओढल्या आणि रंग भरायला तिथले विद्यार्थी हाताशी घेतले. चित्रात दोन माणसे मिळून कात्री झाली आहेत आणि सापाला कापताहेत. एका आईच्या कडेवर बाळ आहे. एकाने डॉल्फिन उचलून धरला आहे. चित्राचे नाव 'तुत्तोमोंदो', म्हणजे सारे जग. आपले दिवस थोडे उरले आहेत हे माहीत असलेल्या माणसाने हे चित्र काढले, पण त्यात एकही आकृती रडत नाही की थकून बसलेली नाही!

१६ फेब्रुवारी १९९० रोजी, अवघ्या ३१ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. पिसाची भिंत आजही तशीच नाचते आहे.

मित्रांनो, चित्र म्हणजे फक्त श्रीमंताच्या दिवाणखान्यातली वस्तू नव्हे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा त्यावर हक्क आहे, हे हॅरिंग यांनी करून दाखवले. आपले हे भित्तिपत्रकही भिंतीवरच लागते. पुढच्या अंकासाठी सर्वांनी एकेक नाचणारा माणूस काढून द्यावा, अशी माझी विनंती आहे. खडू चालेल, कोळसाही चालेल. पण परवानगी घेऊन बरं का!

– इयत्ता ७ वी